विमान जोडून झालं की आधी दुसऱ्याला तपासू द्या, मगच उडवा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या सुट्टीतल्या छंदांवर लेख आला होता, त्यात रेडिओ कंट्रोल विमानांना चांगली जागा दिलीत त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण क्रिकेट आणि स्विमिंगच्या पुढे जाऊन एरोमॉडेलिंगचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं. पण त्यात एक वाक्य असं होतं की हल्ली एआरएफ विमानं मिळतात, डबा उघडायचा, तासाभरात जोडायचं आणि संध्याकाळी मैदानावर उडवायचं. ते वाचून मला राहवलं नाही. माझी सगळी नोकरी विमानांच्या दुरुस्तीत गेली आणि छंदही विमानांचाच आहे, त्यामुळे या एका वाक्यावर भरवसा ठेवून कुणी बाप आपल्या पोराला घेऊन मैदानावर गेला तर काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. पत्र लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

एआरएफ म्हणजे ऑलमोस्ट रेडी टु फ्लाय. पूर्वी विमान करायचं म्हणजे बाल्सा या हलक्या लाकडाच्या फळ्या, प्लॅन, ब्लेड आणि टाचण्या घेऊन बसायचं, पंखाची एकेक आडवी पट्टी, म्हणजे रिब, कापायची, सांगाडा उभा करायचा, वर प्लॅस्टिकची पातळ फिल्म चढवायची, महिनेच्या महिने जायचे. एआरएफमध्ये हे काम कारखान्यात झालेलं असतं, बरीचशी विमानं व्हिएतनाम आणि चीनमधून येतात, बाल्सा आणि प्लायवूडचा सांगाडा तयार, त्याच्यावर रंगीत फिल्म इस्त्रीने चढवलेली, आणि डब्यात पंखाचे दोन भाग, बॉडी, शेपटीचे तुकडे, चाकं आणि स्क्रूच्या पुड्या. मोटर किंवा इंजिन, सर्व्हो म्हणजे पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी, आपल्या हातातल्या ट्रान्समीटरचा सिग्नल घेणारा रिसिव्हर, बॅटरी बहुतेक वेळा वेगळं घ्यायचं. म्हणजे सुतारकाम त्यांनी केलेलं असतं आणि फिटरचं काम आपल्याला करायचं असतं, आणि विमान सरळ जाणार की नाही ते या फिटरच्या कामावर ठरतं. नवीन माणूस जे पहिलं विमान घेतो, वर पंख असलेलं फोर्टी साइजचं (हे इंजिनाचं माप) ट्रेनर म्हणजे शिकायचं विमान, त्याचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण १.६ मीटर, वजन २.५ किलोच्या आसपास आणि पुढचा प्रॉपेलर मिनिटाला १०,००० फेरे घेणारा. एवढी वस्तू माणसांच्या डोक्यावरून जाणार असेल तर ती तासाभरात जोडायची नसते.

डबा उघडल्यावर पहिली तक्रार असते फिल्मवरच्या सुरकुत्यांची. माल खराब आला असं वाटतं लोकांना, पण तसं नसतं, दमट हवेत बनवलेलं लाकूड आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आलं की त्यातला ओलावा जातो, लाकूड आकसतं आणि वरची फिल्म सैल पडते. छोटी इस्त्री घ्यायची, कमी तापमानापासून सुरू करायचं आणि हळूहळू फिरवायची, फिल्म परत ताणली जाते. त्यातही पंखाच्या पुढच्या कडेला फिल्मचे जोड असतात ते आधी दाबून घ्या, कारण उडताना हवा तिथूनच आत शिरते आणि फिल्म सोलायला लागते.

आता कारखान्यात चिकटवलेल्या जोडांबद्दल. आत टॉर्च मारून बघा. पुढे जिथे मोटर बसते ती प्लायवूडची फळी, जिला फायरवॉल म्हणतात, ती आणि चाकांचा ठोकळा, या दोन जागी गोंद कमी दिसला तर इपॉक्सी लावून घ्या, सगळा ओढा आणि सगळे धक्के तिथेच येतात. एक गोष्ट मात्र बदलायला जाऊ नका. ही फायरवॉल बऱ्याच ट्रेनरमध्ये थोडी खाली आणि थोडी उजवीकडे कललेली असते, नवीन माणसाला वाटतं कारखान्याने वाकडी बसवली आणि तो वॉशर घालून सरळ करायला बघतो. ती मुद्दाम तशी ठेवलेली असते, पॉवर दिल्यावर नाक वर आणि डावीकडे जाऊ नये म्हणून.

बिजागऱ्यांवर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण लोक इथेच सगळ्यात जास्त घाई करतात. पंखाच्या मागच्या कडेचं एलेरॉन, शेपटीच्या आडव्या पंखाचा एलेव्हेटर आणि उभ्या फिनचा रडर हे हलणारे भाग पातळ चपट्या बिजागऱ्यांनी जोडलेले असतात, त्यांना सीए हिंज म्हणतात, म्हणजे पातळ सायनो गोंद पिऊन घेणारी पट्टी. खाचेत अर्धी इकडे अर्धी तिकडे बसवायची, मध्यावर टाचणी लावून ठेवायची म्हणजे एका बाजूला सरकत नाही, फट कमीत कमी ठेवायची, मग पातळ सायनोचे थेंब दोन्ही बाजूंनी, वरून आणि खालून, आणि तो आत शोषला जाईपर्यंत थांबायचं. गोंद लवकर सुकवणारा स्प्रे इथे मारायचा नाही, गोंद वरच्यावर सुकतो आणि आतपर्यंत जातच नाही. जाड गोंदही चालत नाही, त्याच कारणाने. आणि सगळं सुकल्यावर प्रत्येक बिजागरी हाताने ओढून बघायची, चांगली जोर लावून. काही डब्यांत या बिजागऱ्या कारखान्यातूनच चिकटवून येतात, त्याही ओढून बघायच्या, काही वेळा खाचेत नुसत्याच खोचलेल्या असतात, गोंद लावायचं काम आपल्यावर सोडलेलं असतं आणि दिसायला मात्र सगळं पूर्ण दिसतं. हवेत एलेरॉन सुटून आलं तर खालून काही म्हणजे काही करता येत नाही.

पंखाचे दोन भाग जोडताना आधी गोंद न लावता बसवून बघा, जोडपट्टी सहज आत जाते का, दोन्ही भागांचा कोन मॅन्युअलप्रमाणे येतो का. मग ३० मिनिटवालं इपॉक्सी वापरा, ५ मिनिटवालं नको. ५ मिनिटवालं आपण पंख सरळ करेपर्यंत घट्ट होतं आणि मग वाकडं बसलेलं काढता येत नाही. बाहेर आलेला गोंद स्पिरिटच्या बोळ्याने लगेच पुसा आणि मास्किंग टेपने बांधून रात्रभर ठेवा. हल्लीच्या बऱ्याच विमानांत अल्युमिनियमची नळी आणि बोल्ट असतात, तिथे हा भाग सोपा झालाय.

शेपटीचं काम खरं कसोटीचं. आडवा पंख बॉडीत बसवायचा तर मोठा पंख आधी बोल्टने जागेवर बसवा, नाकापाशी मध्यावर एक टाचणी लावून दोरा बांधा आणि मोठ्या पंखाच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर सारखं आहे ना ते बघा, मग मोठ्या पंखाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. अंतर दोन्हीकडे एकच यायला हवं. नंतर मागे जाऊन एक डोळा मिटून बघा, शेपटीचा पंख मोठ्या पंखाला समांतर दिसतो का. उभा फिन गुण्या लावून काटकोनात. हे सगळं गोंद लावायच्या आधी, पेन्सिलने खुणा करून.

आणि त्या खुणांच्या आतली फिल्म काढायची असते कारण फिल्मवर गोंद धरत नाही, तो लाकडालाच लागला पाहिजे. इथे एक धोका आहे जो दिसत नाही. लोक ब्लेडने फिल्म कापतात आणि ब्लेड खालच्या बाल्सात अर्धा मिलिमीटर शिरतं, बरोबर बॉडीच्या कडेला, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त जोर येणार त्याच रेषेवर लाकूड चिरलेलं राहतं. टेबलावर काही कळत नाही. वरून डाइव्ह मारून एलेव्हेटर ओढला की शेपूट त्या रेषेवरून मोडते. त्यामुळे ब्लेड बाजूला ठेवा आणि सोल्डरिंग आयर्नच्या गरम टोकाने पट्टी धरून हलक्या हाताने रेघ ओढा, फिल्म वितळते आणि लाकडाला ओरखडासुद्धा येत नाही. मला कुणी पूर्ण जोडणीतली एकच टीप विचारली तर मी हीच देईन.

सर्व्हो बसवताना रबरी ग्रॉमेटमध्ये पितळेची छोटी नळी घालतात, तिची टोपी लाकडाच्या बाजूला यायला हवी, म्हणजे खालून घालायची, उलटी घातली की टोपी लाकडात रुतत जाते आणि रबर दबून धक्के शोषायचं बंद होतं. स्क्रूची भोकं पाडून स्क्रू एकदा फिरवून काढा, भोकात पातळ सायनोचा थेंब टाका, सुकू द्या, मग परत स्क्रू लावा, म्हणजे मऊ लाकडातले आटे टिकतात. मेटलमध्ये मेटल जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला, विशेषतः मोटर माउंटच्या, निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद. सर्व्होपासून हलणाऱ्या भागापर्यंत जाणाऱ्या सळीच्या, म्हणजे पुशरॉडच्या, टोकाला जी क्लेव्हिस असते ती कपड्याच्या चिमट्यासारखी दाबून बसते, तिच्यावर सिलिकॉन ट्यूबचा छोटा तुकडा सरकवा म्हणजे कंपनाने उघडत नाही. आणि सर्व्होचा आर्म, म्हणजे फिरणारा छोटा दांडा, बसवल्यावर मधला स्क्रू लावायला विसरू नका. ट्रान्समीटरवरचे ट्रिम, म्हणजे बारीक जुळवणीची बटणं, शून्यावर ठेवून आर्म पुशरॉडला काटकोनात आणा. हे काम चालू असताना इलेक्ट्रिक विमानाचा प्रॉपेलर काढूनच ठेवायचा, बॅटरी लावली की मोटर कधीही फिरू शकते आणि बोटं जातात, इथे सवलत नाही.

मग बॅलन्स. सीजी म्हणजे वजनाचा मध्य कुठे यायला हवा ते मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, ट्रेनरमध्ये साधारणपणे पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांत. सगळं सामान आत बसवून, उडायला जसं तयार असतं तसं, दोन बोटांवर पंखाखालून उचलायचं. इंजिनवालं असेल तर टाकी रिकामी ठेवून. नाक किंचित खाली राहिलं तर चालेल, शेपूट खाली जायला नको. मैदानावरचे जुने लोक म्हणतात की नाक जड असलेलं विमान वाईट उडतं आणि शेपूट जड असलेलं एकदाच उडतं. शेपूट जड असेल तर आधी बॅटरी पुढे सरकवून बघा, नाहीच झालं तर नाकात शिशाचं वजन लावा, आणि उगाच वजन वाढतंय म्हणून ते टाळू नका. बॅटरी वेल्क्रोच्या पट्ट्याने घट्ट बांधा, नाहीतर हवेत मागे सरकली की सीजीही तिच्याबरोबर मागे जातो.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहिलं तो. मोठ्या विमानात कंट्रोल सिस्टिमला हात लावला की काम करणारा स्वतः तपासतो आणि सही करतो, आणि त्यानंतर दुसरा माणूस, ज्याने त्या कामाला हात लावलेला नाही, तो पुन्हा सगळं बघतो आणि त्याचीही सही लागते. याला डुप्लिकेट इन्स्पेक्शन म्हणतात. पहिला माणूस कच्चा असतो असं यात अजिबात धरलेलं नाही. ज्याने काम केलं त्याच्या डोक्यात ते बरोबर झालेलं आहे असंच बसलेलं असतं आणि त्याच्या डोळ्यांना चूक दिसत नाही, तो कितीही हुशार असला तरी.

२००१ च्या मार्चमध्ये फ्रँकफर्टहून निघालेल्या लुफ्थान्साच्या ए-३२० मध्ये मेंटेनन्सच्या वेळी वायरिंगमध्ये जोडण्या अदलाबदल झाल्या होत्या आणि कॅप्टनची साइडस्टिक, म्हणजे बाजूची कंट्रोलची दांडी, उलटी चालत होती, त्याने एका बाजूला वळवलं की विमान दुसऱ्या बाजूला कलायचं. टेकऑफनंतर पंखाचं टोक जमिनीला टेकता टेकता राहिलं, को-पायलटने आपल्या स्टिकने कंट्रोल घेतला म्हणून सगळे वाचले, त्याची स्टिक बरोबर होती. उड्डाणाआधी कंट्रोल हलवून बघितले होते, पण भाग हलतोय एवढंच पाहिलं, कुठल्या दिशेला हलतोय ते लक्षात आलं नाही. नंतर २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पोर्तुगालमध्ये मेंटेनन्स करून निघालेलं कझाकस्तानच्या एअर अस्ताना कंपनीचं एम्ब्रेअर १९० विमान, त्यात एलेरॉनच्या केबल चुकीच्या बसल्या होत्या, ते विमान कितीतरी वेळ हवेत भरकटत राहिलं आणि शेवटी बेजाच्या धावपट्टीवर कसंबसं उतरवलं. हे सगळं परवानाधारक इंजिनिअर लोकांच्या हातून झालं, मग घरी डायनिंग टेबलवर मॅन्युअल बघून पहिल्यांदा विमान जोडणाऱ्या माणसाचं काम दुसऱ्याने बघायला नको का.

आणि आपल्या छोट्या विमानात हे उलटं होणं तर फारच सोपं आहे, ट्रान्समीटरमध्ये रिव्हर्सचं एक सेटिंग चुकलं की झालं. विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे केली की उजवं एलेरॉन वर आणि डावं खाली जायला हवं. नवीन माणसाला वाटतं उजवीकडे वळायचं तर उजवं एलेरॉन खाली जायला पाहिजे, आणि तो नेमकं तेच सेट करून ठेवतो आणि शंभर वेळा हलवून बघितलं तरी त्याला ते बरोबरच वाटतं. एलेव्हेटरची स्टिक आपल्याकडे ओढली की मागचा भाग वर, रडर उजवीकडे दिला की रडरही उजवीकडे आणि पुढचं चाकही उजवीकडे.

म्हणून विनंती अशी की जोडून झालं की विमान अशा माणसाच्या हातात द्या ज्याने ते जोडलेलं नाही. त्याला तुमच्याकडून काहीही ऐकायचं नाही, त्याने स्वतः बिजागऱ्या ओढाव्यात, क्लेव्हिस बघाव्यात, सीजी परत बोटांवर घ्यावा, कंट्रोलच्या दिशा मागे उभं राहून बघाव्यात, भाग किती मिलिमीटर हलतात ते मॅन्युअलशी ताडून बघावं. मग फेलसेफ, म्हणजे ट्रान्समीटर बंद केला की मोटर बंद पडते का, हे विमान धरून ठेवून बघायचं. आणि रेंज चेक, ट्रान्समीटर कमी पॉवरच्या मोडवर टाकून मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतरापर्यंत चालत जायचं आणि कंट्रोल नीट चालतात का ते बघायचं. या सगळ्याला अर्धा तास लागतो. पहिलं उड्डाणही त्याच माणसाला करू द्या, नाहीतर ट्रेनर मोडवर दोन ट्रान्समीटर जोडून, म्हणजे गडबड झाली की त्याने एक बटण सोडून कंट्रोल आपल्याकडे घ्यावा.

असा माणूस शोधायचा कुठे, हा प्रश्न खरा आहे. ब्रिटनमध्ये ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशनची ए आणि बी सर्टिफिकेटं आहेत, एक्झामिनर आहेत, अमेरिकेत अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स १९३६ पासून आहे आणि तिथल्या क्लबांत इन्स्ट्रक्टर असतात. आपल्याकडेही माणसं आहेत, फक्त विखुरलेली आहेत. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवलं जातं, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या टीम स्पर्धांसाठी विमानं बनवतात, त्या पोरांचे हात यात बसलेले असतात, आणि आमच्यासारखे रिटायर झालेले फिटर आणि इन्स्पेक्टर आहेत. कॉलेजांनी आणि एनसीसीच्या युनिट्सनी सुट्टीत आठवड्यातली एक सकाळ एक टेबल मांडून ठेवलं, कुणीही आपलं जोडलेलं विमान घेऊन यावं आणि तपासून न्यावं, तर त्याला खर्च काही नाही. शाळांनीही हे करावं असं मला वाटतं. मुलाला बिजागरी ओढून बघायला आणि कोन मोजायला बोलावलं तर तो जे शिकेल ते कुठल्या वर्कशीटमध्ये नाही, आणि आपलं काम दुसऱ्याने तपासलं म्हणून वाईट वाटून घ्यायचं नसतं हे त्याला लहानपणीच समजलं तर पुढे कुठल्याही कामात उपयोगी पडेल.

जागेबद्दल थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ मध्ये शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायची २५ किलोपर्यंतची मॉडेल विमानं वेगळी धरलेली आहेत, पण कुठेही उडवा असा त्याचा अर्थ होत नाही. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे नकाशावर परवानगीशिवाय उडवायला मोकळ्या दाखवलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. नाशिककरांना एका बाजूला ओझरचा विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला गांधीनगरचं लष्करी एअरफील्ड, त्यामुळे सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटवरचा नकाशा बघितल्याशिवाय मैदान ठरवू नका. कॉलनीतलं मैदान, जिथे मुलं खेळतात आणि बायका फिरायला येतात, तिथे तर नाहीच. महापालिकेने शहराबाहेर एक मोकळी जागा, जिथे आजूबाजूला विजेच्या तारा आणि वस्ती नाही अशी, रविवार सकाळपुरती दिली तरी तपासणीचं टेबलही तिथेच लावता येईल.

बॅटरीचंही सांगतो कारण घरोघरी प्रश्न आहे. या विमानांच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास आणून ठेवायची. चार्जिंगला लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका, फुगलेली बॅटरी वापरू नका.

तुमच्या लेखकांवर माझा राग नाही, त्यांनी चांगलंच लिहिलंय. फक्त ते तासाभरात जोडायचं वाक्य पुढच्या रविवारी दुरुस्त करा आणि त्याच्याखाली दोन ओळी या तपासणीबद्दल टाका. माझा फोन नंबर पत्रासोबत तुमच्या ऑफिससाठी वेगळा दिलेला आहे, तो छापू नका, पण नाशिक किंवा आसपासचं कुणी विमान जोडतंय आणि त्याला तपासणारा माणूस मिळत नाहीये असं कळलं तर त्यांना जरूर द्या. मी माझा गुण्या आणि फूटपट्टी घेऊन येतो, पैसे घेत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक रोड